ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर: सोर्सपासून बिल्ड करावं की इमेज बिल्डर पुरे?

मेकफाइल (धागाकर्ता)
शाळेत किंवा सोसायटीत आठ-दहा एकसारखे ॲक्सेस पॉइंट लावायचे असतील, तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवर आधारलेलं मुक्त फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) सोर्सपासूनच, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करावं असं माझं ठाम मत आहे. इमेज बिल्डर, म्हणजे तयार पॅकेजं जोडून फ्लॅश करायची फाइल (इमेज) बनवणारं साधन, पॅकेजं बदलू देतो, पण कर्नल (सिस्टीमचा गाभा) मात्र रिलीजमधला जसाच्या तसा घ्यावा लागतो. २०२१चे फ्रॅगअटॅक्स, म्हणजे वायफायमधले सुरक्षा-दोष, आठवा. लिनक्सच्या बाजूनं त्यातली बरीचशी दुरुस्ती मॅक८०२११ मध्ये, म्हणजे वायफाय सांभाळणाऱ्या कर्नल मॉड्यूलमध्ये होती. सोर्स हाताशी असेल तर पॅच येताच लावता येतो, पुढच्या रिलीजची वाट बघावी लागत नाही.

काम अवघड नाही. २४.१० शाखा क्लोन करा, फीड्स (पॅकेजांचे संच) अपडेट व इन्स्टॉल करा, मेन्यूकॉन्फिगमध्ये टार्गेट (उपकरणातली चिप) निवडा आणि मेक चालवा. डिस्कवर १०-१५ जीबी जागा हवीच. रूट म्हणून बिल्ड करू नका, फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका. बिल्ड मध्येच थांबला तर "मेक -जे१ व्ही=एस" चालवा; एकाच वेळी अनेक जॉब चालू असताना खरी एरर वर कुठेतरी गडप होते.

साधा_बिल्ड
पूर्ण असहमत. सोर्स बिल्डचा सगळ्यात मोठा तोटा तुम्ही सांगितलाच नाहीत. कर्नल कॉन्फिगमध्ये बदल झाला की कर्नलचा हॅश (कॉन्फिगवरून काढलेली ओळखखूण) बदलतो. मग सहा महिन्यांनी एखादं केमॉड (कर्नल मॉड्यूलचं पॅकेज) हवं झालं, की ओपीकेजी (पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) डिपेंडन्सी जुळत नाही म्हणून अधिकृत रेपोतलं मॉड्यूल नाकारतो. एका मॉड्यूलसाठी पुन्हा बिल्ड, पुन्हा सगळे दहा नग फ्लॅश.

इमेज बिल्डरमध्ये ही कटकट नाही. "मेक इन्फो"नं प्रोफाइल शोधा, पॅकेजांची यादी द्या, काही मिनिटांत इमेज तयार. नुसता ॲक्सेस पॉइंट असेल तर डीएनएसमास्क, ओडीएचसीपीडी आणि पीपीपी या राउटरच्या कामाच्या पॅकेजांच्या नावाआधी उणे चिन्ह घालून काढून टाका. फायरवॉल४ काढताना सांभाळा: ल्युसीचं (ब्राउझरमधल्या सेटिंग-पानांचं) मुख्य पॅकेज यादीत असेल तर ते फायरवॉल परत ओढून आणतं. क्लायंटला एका पॉइंटवरून दुसऱ्याकडे वळवायला ८०२.११व्ही हवं असेल तर वायफायची जोडणी सांभाळणारं छोटं पॅकेज डब्ल्यूपॅड-बेसिक-एमबेडटीएलएस काढून पूर्ण डब्ल्यूपॅड-एमबेडटीएलएस घाला. बेसिक काढायचं राहिलं तर दोन्ही पॅकेजांच्या फायली एकमेकांवर येतात आणि इमेज बनतच नाही.

शिवाय इमेजमध्ये आधीच घातलेलं पॅकेज स्क्वॉशएफएसमध्ये (फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये) दाबून बसतं. तेच नंतर इन्स्टॉल केलं तर ओव्हरलेची, म्हणजे लिहिता येणाऱ्या भागाची, जागा खातं. ८ एमबी फ्लॅशवर हा फरक निर्णायक ठरतो.

मेकफाइल
हॅशचा मुद्दा बरोबर, पण त्याला उपाय आहे. रिलीजचाच टॅग घ्या आणि त्या टार्गेटची कॉन्फिग.बिल्डइन्फो फाइल आधाराला घेऊन सुरुवात करा. कर्नलच्या पर्यायांना हात लावला नाही तर हॅश जुळतो. आणि इमेज बिल्डरमध्ये नसलेलं हार्डवेअर? टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनच्या अथेरॉस चिपवाल्या आवृत्त्यांमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. फ्लॅश चिप काढून १६ एमबीची बसवली तर डीटीएसमधलं (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधलं) पार्टिशन स्वतः बदलून बिल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही.

यूएआरटी
चिप बदलणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. त्या मॉडेलमध्ये शेवटच्या ६४ केबीत एआरटी असतं, म्हणजे रेडिओचं कॅलिब्रेशन. जुन्या चिपमधून ते वाचून नव्या चिपच्याही अगदी शेवटी लिहायचं: ४ एमबीला ०x३एफ००००, १६ एमबीला ०xएफएफ००००. ते हरवलं तर रेडिओ धड चालत नाही, आणि दुसऱ्या नगाचं एआरटी टाकणं हा इलाज नव्हे, कारण कॅलिब्रेशन प्रत्येक नगाचं वेगळं असतं. सिरियल (बूटचे संदेश बघायची जोडणी) जोडताना ३.३ व्होल्टचंच ॲडॉप्टर वापरा, जीएनडी, टीएक्स, आरएक्स एवढंच जोडा. व्हीसीसी सोडून द्या.

तरी मत विचाराल तर ३२ एमबी रॅम तशीच ठेवून नुसती फ्लॅश वाढवण्यात अर्थ नाही. गर्दी झाली की मेमरी संपते आणि होस्टएपीडी (वायफाय चालवणारा प्रोग्राम) मारला जातो.

साधा_बिल्ड
अगदी. शिवाय दोन्ही पद्धतींत लोक जिथे अडकतात ती जागा वेगळीच आहे: यूसीआय-डिफॉल्ट्स, म्हणजे सुरुवातीची सेटिंग घालणारी स्क्रिप्ट. फाइल्स फोल्डरमधली ही स्क्रिप्ट पहिल्या बूटला चालते आणि शून्य परतवलं की पुसली जाते. पण सेटिंग राखून सिसअपग्रेड केलं (नवी इमेज चढवली) की नव्या इमेजमधली स्क्रिप्ट पुन्हा चालते आणि हातानं बदललेले चॅनेल, नावं सगळं पुसून टाकते. सुरुवातीलाच "आधी कॉन्फिगर झालंय का" ही तपासणी घालावी. ऑथराइज्ड कीज फाइलवर गटाला लिहिण्याची परवानगी राहिली तर ड्रॉपबेअर (एसएसएच सर्व्हर) की स्वीकारत नाही. देशाचा कोड आयएन तिथेच घाला. आणि वायफायचा पासवर्ड घातलेली इमेज कुणाला पाठवू नका, स्क्वॉशएफएस उलगडून तो सहज वाचता येतो.

मेकफाइल
यूसीआय-डिफॉल्ट्सबद्दल एकमत. मॅक८०२११चं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

साधा_बिल्ड
तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. होस्टएपीडीतल्या दोषाची दुरुस्ती रिलीजच्या फीडमध्ये येते, इमेज बिल्डर ती उचलतो. कर्नलच्या दोषासाठी पॉइंट रिलीजपर्यंत थांबावं लागतं. थांबणं शक्यच नसेल तर तेवढ्यासाठी सोर्स बिल्ड करा, आधी एकाच नगावर घाला, आणि तो टीएफटीपीनं (नेटवर्कवरून फर्मवेअर पाठवून) परत उठतो का हे बघून मगच बाकीच्यांना हात लावा.