रेफरीला उलट बोलला म्हणून पोराला बसवलं, यात कोचचं चुकलं काय?

शिट्टीवाला:
काल एका पालकांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. त्यांचा मुलगा अंडर-१४ रग्बी टीममध्ये सगळ्यात जास्त ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) मारणारा. रेफरीला "अहो दिसत नाही का तुम्हाला" एवढंच म्हणाला आणि कोचने त्याला उरलेली सगळी मॅच बाहेर बसवलं, टीम हरली. आणि पोस्टच्या शेवटी लिहिलंय की रेफरीला हे सर-सर करणं, मॅचनंतर दोन रांगांचा टनेल करून समोरच्यांसाठी टाळ्या वाजवणं ही जुनी नाटकं बंद करा, पोरांना जिंकायला शिकवा. आणि खाली सगळे माना डोलावतायत!

मी मुलांच्या मॅचेसना शिट्टी घेऊन उभा असतो, त्यामुळे सांगतो. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियम ९ मध्ये एकाच कलमात तीन गोष्टी आहेत. रेफरीचा मान ठेवा, निर्णयावर वाद घालू नका आणि शिट्टी वाजली की तिथल्या तिथे थांबा. या तीन गोष्टी एकत्र का, ते स्क्रमजवळ, म्हणजे दोन्हीकडची पोरं वाकून, एकमेकांना धरून बॉलसाठी ढकलतात तिथे, उभं राहिल्याशिवाय कळत नाही. क्राउच, बाइंड, सेट म्हटलं की दोन्हीकडची पोरं एकमेकांत घुसतात. कधी पुढच्या रांगेतल्या मधल्या पोराची, म्हणजे हूकरची, मान वाकडी होते, त्याच्या बाजूच्या प्रॉपचा पाय सटकतो, स्क्रम खाली बसतो. त्या क्षणी माझ्याकडे फक्त शिट्टी असते. मागच्या पोरांना पुढे काय झालंय ते दिसतच नाही, त्यांनी आवाज ऐकून ढकलणं सोडायचं असतं. शिट्टी म्हणजे वाद घालायची गोष्ट हे ज्याच्या अंगात भिनलंय तो अर्धा सेकंद जास्त ढकलतो. तो अर्धा सेकंद कोणाच्या मानेवर येतो याचा विचार करा आणि मग नाटक म्हणा.

विंगरची_आई:
ती पोस्ट माझी नाही, पण माझी असती तरी चाललं असतं. सर, स्क्रमचं पटलं, शंभर टक्के पटलं. पण तो मुलगा स्क्रममध्ये नव्हता हो, चांगला गळ्याशी टॅकल झाला होता त्याला, खांद्याच्या वर, आणि रेफरीने काहीच दिलं नाही. तेरा वर्षांचं पोर कळवळून बोललं. आणि त्याला ज्याने बसवलं तो कोच स्वतः पूर्ण मॅचभर टचलाइनवरून "रेफ! ऑफसाइड! रेफ!!" करत असतो, असले कोच प्रत्येक क्लबात एक तरी आहेत. मुलं हे शिकतात कुठून? आमच्याकडे बघूनच ना? पोराला शिक्षा आणि मोठ्यांना काहीच नाही, हे मला खटकतं.

जुना_प्रॉप:
ताईंशी सहमत. आणि मला या "आमचा खेळ सभ्य" प्रकाराचाच कंटाळा आलाय. २००९ ला इंग्लंडच्या हार्लेक्विन्स क्लबने आयर्लंडच्या लेन्स्टरविरुद्ध काय केलं ते विसरलात का? विंगरच्या तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल, का तर ब्लड सबस्टिट्यूशन (रक्त आलेल्याच्या जागी दुसरा प्लेयर) करून बाहेर गेलेला किकर परत आत आणता यावा. नंतर उघडकीला येऊ नये म्हणून डॉक्टरने खरोखर त्याचा ओठ कापला! डायरेक्टर ऑफ रग्बीला ३ वर्षांची बंदी बसली. आणि आपण फुटबॉलवाल्यांकडे बघून नाकं मुरडतो.

टनेलचंच म्हणाल तर गेल्या सीझनला आमच्या अंडर-१२ ला समोरच्यांनी ८४-० ने धुतलं. शेवटच्या मिनिटापर्यंत तोच एक दांडगा मुलगा, दरवेळी बॉल त्याच्याकडेच, आमची पोरं त्याच्या पायाला लटकून फरफटत जातायत. मग शिट्टी झाल्यावर त्यांनी शिस्तीत दोन रांगा करून टाळ्या वाजवल्या. आमचा फुलबॅक त्या टनेलमधून मान खाली घालून रडत गेला. ते सौजन्य होतं का? मला तरी ती टाळी कानाखाली बसल्यासारखी वाटली.

नंबर_दहा:
@जुना_प्रॉप, म्हणजे त्यांनी काय करायला हवं होतं? मुद्दाम बॉल टाकायचा? तो खरा अपमान. १९९५ च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडने जपानला १४५-१७ ने हरवलं, कोणी थांबलं नाही. २००३ ला ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-०. आणि त्याच जपानने २०१५ ला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं, तेही शेवटच्या क्षणी बरोबरी करून देणारी पेनल्टी किक न घेता ट्रायसाठी जाऊन. समोरच्याशी पूर्ण ताकदीने खेळणं हाच मान. मी लहानपणी असे भरपूर मार खाल्लेत, त्यानेच घडलो.

मिनीज_कोच:
दादा, १४५-१७ ला मैदानावर मोठी माणसं होती, देशाकडून खेळायला स्वतःहून आलेली. दहा-अकरा वर्षांच्या पोराला त्याची आई गाडीतून आणून सोडते आणि दोन-तीन रविवार असे गेले की ते पोर म्हणतं मला नाही जायचं. तुम्ही टिकलात म्हणून इथे लिहिताय. जे नाही टिकले ते कुठे लिहिणार?

आणि बॉल टाकायला कोणी सांगत नाहीये. दांडग्याला हाफटाइमनंतर दुसऱ्या पोझिशनला टाका, ज्याला कधी बॉल मिळत नाही त्या पोराला किक मारू द्या, प्रत्येक ट्रायआधी चार पास झालेच पाहिजेत असं ठरवा. एकदा समोरचा कोच हाफटाइमला माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला, माझी तीन पोरं तुझ्याकडे घे, तुझी तीन दे. पोरांनी दोन मिनिटं कुरकुर केली, मग अशी मॅच झाली की शेवटी स्कोअर कोणीच विचारला नाही. तो माणूस मला आजही आठवतो.

नंबर_दहा:
हेच ते! सगळ्यांना मेडल, सगळ्यांना टाळ्या. उद्या ही पोरं अंडर-१८ ला गेली की तिथे कोण तीन प्लेयर उधार देणार? माफ करा पण तुम्ही लोक कधी सिरियस लेव्हलला खेळलेले दिसत नाही.

मिनीज_कोच:
खेळलोय. गुडघा त्यातच गेला. आणि हो, माझ्या मिनीजमधली (लहान मुलांच्या टीममधली) पोरं पुढे अंडर-१८ ला आहेत, कारण ती अकराव्या वर्षी खेळ सोडून गेली नाहीत. यापुढे माझ्या खेळण्याबद्दल बोलायचं नाही.

जुना_प्रॉप:
खरा घोळ वयाचा आहे. एकाच वयाच्या दोन पोरांत एक दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा असतो आणि आपण फक्त जन्मतारीख बघून टीम करतो. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी मुलांच्या वजनावर ग्रेड असतात. ते आपण का करत नाही? मग ८४-० होणारच नाही.

विंगरची_आई:
वजनावर केलं तर माझा बारीक मुलगा दोन वर्षं लहान पोरांत जाऊन बसेल, त्याचे मित्र सुटतील. दांडग्या पोराला वरच्या मोठ्या मुलांत ढकललं तर तिथे तो अंगाने मोठा पण डोक्याने लहानच. एवढं सोपं नाहीये ते.

शिट्टीवाला:
अहो, मूळ मुद्द्यावर या! मी रेफरीबद्दल लिहिलं होतं, तुम्ही वजनकाट्यावर जाऊन पोचलात.

२०२३ ची वर्ल्डकप फायनल आठवा. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केनला रेड कार्ड मिळालं, पुरुषांच्या फायनलमधलं पहिलंच. त्यानंतर टीव्ही रेफरी टॉम फोलीवर इतकी शिवीगाळ झाली की त्याने इंटरनॅशनल मॅचेस थांबवल्या. तो तर अनुभवी माणूस. आमच्याकडे सोळा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा मॅच करत होती. एक बाप टचलाइनवरून तिच्या बरोबरीने चालत, प्रत्येक रकला (जमिनीवरच्या बॉलवरून पोरं ढकलाढकली करतात तेव्हा) ओरडतोय, "हँड्स! हँड्स! आंधळी आहेस का?" हाफटाइमला तिने मला विचारलं, मी आता थांबले तर चालेल का. तिचे हात थरथरत होते, शिट्टीची दोरी बोटांना गुंडाळून परत सोडत होती. मी काही बोलायच्या आत हरणाऱ्या टीमचा कॅप्टन, तेरा वर्षांचा मुलगा, त्या बापाकडे गेला आणि म्हणाला, "काका, तिला राहू द्या ना, नाहीतर आमची मॅचच होणार नाही." मोठ्यांपैकी एकही जागचा हलला नव्हता. त्या मुलाला हे कोणीतरी शिकवलं होतं, आणि त्यालाच पोस्टवाले नाटक म्हणतायत.

विंगरची_आई:
हे वाचून वाईट वाटलं. पण बघा, तुमच्याच गोष्टीत ओरडणारा बाप होता, पोर नव्हतं.

शिट्टीवाला:
बरं, तेवढं मानतो. आणि अख्खी मॅच बाहेर बसवणं जास्त झालं हेही मानतो, यलो कार्डालासुद्धा मोठ्यांच्या मॅचमध्ये १० मिनिटंच बाहेर असतात. दहा मिनिटं बसवून परत आत घेतलं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पण बसवायला हवं होतंच. वाद घातला की समोरच्यांना मिळालेली पेनल्टी १० मीटर आणखी पुढे जाते, म्हणजे त्याच्या एका वाक्याची किंमत बाकी चौदा जण भरतात, हे त्याला कळायला नको?

विंगरची_आई:
कळायला हवं. बोलायचं असेल तर कॅप्टनने बोलायचं हे मी माझ्या मुलाला सांगीन. पण गळ्याशी टॅकल झाला असेल तर मुलाने गप्प बसावं हे मी कधीच सांगणार नाही. आणि कोचच्या ओरडण्यावर तुम्ही रेफरी लोक कधी त्याला टचलाइनपासून लांब पाठवणार?

शिट्टीवाला:
पाठवतो. पुढच्या शनिवारपासून कोणाचीही पर्वा न करता पाठवणार.

नंबर_दहा:
रेफरीच्या बाबतीत शिट्टीवाल्यांशी पूर्ण सहमत, ते आधीच लिहायचं राहिलं. ८४-० वर मात्र मी अजून ठाम आहे. फार तर अंडर-१२ पर्यंत प्लेयर बदलून खेळा, त्याच्या वर नाही.

मिनीज_कोच:
अंडर-१२ पर्यंतचंच तर बोलत होतो मी.