अनुभव धागा: तावदान तडकलं, काचवाला येईपर्यंत काय करायचं?

पावसाळा तोंडावर आला की काचवाला "उद्या येतो" म्हणतो आणि त्याचा उद्या पुढच्या आठवड्यात उगवतो. मधल्या दिवसांत झड आत येऊ नये, काच कोणाच्या अंगावर पडू नये, म्हणून घरच्या घरी काय करता ते इथे लिहा. काच कुठली, माप काय, काय लावलं, किती टिकलं, फसलं तर का फसलं, एवढं असू द्या. चेंडू कोणी मारला याची हकिगत नको.

काचकाम, सांगली

चिकटपट्टी हातात घेण्याआधी काच ओळखा. कोपऱ्यात बारीक शिक्का असेल तर ती बहुधा टफन काच. ती तडकून राहत नाही, एकदम साबुदाण्यासारखा चुरा होतो. चुरा होऊनही कधीकधी चौकटीत उभी राहते. तिला बोटही लावू नका. खोलीचं दार लावून घ्या, खालून कोणाची जा-ये असेल तर ती थांबवा आणि काचवाल्यालाच बोलवा. लॅमिनेटेड काचेत मधे पातळ पडदा असतो. तडे गेले तरी तो तुकडे धरून ठेवतो, त्यामुळे तिथे घाई नाही.

घरात बहुतेक ठिकाणी असते ती साधी काच, ४ किंवा ५ मिमी. तिच्यावरचा तडा वाचता येतो. कडेपासून काटकोनात निघून पुढे वळत गेलेली एकच भेग म्हणजे उन्हाचा ताण: काचेचा मधला भाग तापला, चौकटीतली कड गार राहिली. चांदणीसारखे तडे म्हणजे मार. कोपऱ्यातून निघालेली भेग दिसली की तिथे खिळा, स्क्रू किंवा गंजाचा फुगवटा काचेला टेकलाय का ते बघा. लोखंडी खिडक्यांत हे फार, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि काचेला दाबतो. तो दाब तसाच ठेवून वर कितीही टेप लावा, भेग पुढे सरकणारच.

भेगेच्या टोकाला मार्करने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. आठवडाभरात भेग रेघेच्या पुढे गेली तर तात्पुरतं काही करत बसू नका, काच उतरवा. ओल लागली की भेग लवकर सरकते. काचेच्या भेगेत शिरलेलं पाणी टोकाशी काचेची रासायनिक बांधणीच सैल करतं. म्हणून उन्हाळाभर शांत असलेला तडा जूनमध्ये चालायला लागतो.

मुंबई, तिसरा मजला

केसाएवढ्या भेगेसाठी. नख फिरवल्यावर अडकत नसेल तरच हा उपाय करा.

भेगेवर थेट ओलं फडकं फिरवू नका, पाणी आत ओढलं जातं. कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर पंखा लावून ठेवा. हेअर ड्रायरने एकाच जागी गरम केलंत तर भेग वाढवाल. मग पातळ फेविक्विक घ्या, जेलवालं नको. वरून सुरुवात करून दर दोन इंचांवर एकेक थेंब. भेग तो स्वतःच आत ओढून घेते, ओढलेला भाग जवळजवळ दिसेनासा होतो. न ओढलेलं राहील ते सुकल्यावर ब्लेड आडवं धरून खरवडा. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर वाफेने आजूबाजूची काच पांढुरकी होते. आणि सुती कपड्याने पुसायला जाऊ नका, सुतावर हा गोंद पडला की चटका बसेल इतका तापतो.

पारदर्शक नेलपॉलिशही चालतं, तीन-चार हात, पण ते वरच्यावर राहतं. दोन्हींनी पाणी अडतं. ताकद येत नाही. सरकत्या झडपेला असं केलं असेल तर ती झडप आपटायची नाही.

हार्डवेअरचं दुकान, चिपळूण

टेपबद्दल, कारण निम्मी गिऱ्हाइकं चुकीची घेऊन जातात. शाळेची सेलोटेप उन्हात पिवळी पडून पापडासारखी निघते. खाकी टेपचा गोंद काचेवरच राहतो, शिवाय गडद पट्टी उन्हात जास्त तापते आणि तडकलेल्या साध्या काचेला नेमका तोच ताण नको असतो. दोन इंची पारदर्शक पॅकिंग टेप घ्या, दोन्ही बाजूंनी लावा, भेग बरोबर मधोमध येईल अशी. जुनं एटीएम कार्ड दाबून फिरवा म्हणजे बुडबुडे निघतात. टोकं चौकटीवर चढवू नका; झडप हलली की टेप ओढली जाते आणि काचही. पश्चिमेच्या उन्हात महिनाभर धरा, त्यापुढे गोंद सुकतो. राहिलेला गोंद खोबरेल तेल दहा मिनिटं लावून ठेवला की निघतो.

एक तुकडाच निखळला असेल, भोक मुठीएवढं, तर पारदर्शक फाइल कव्हरचा तुकडा भोकापेक्षा दोन इंच मोठा कापा आणि कडेने सिलिकॉनची बारीक रेघ सोडून बसवा. काचेला साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चालतं. लोखंडी चौकट किंवा संगमरवराची पट्टी जवळ असेल तर न्यूट्रल मागा, नाहीतर लोखंड गंजतं, दगडावर डाग पडतो. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावरच पिकतं, त्यामुळे पावसाळ्यात अडत नाही, फक्त लावायची जागा ओली नको. एका दिवसात दोन-तीन मिमी जाडीच पक्की होते. जाड थर देऊन संध्याकाळी हात लावणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात येतात.

रत्नागिरीजवळ, समुद्राकाठ

पूर्ण तावदान गेलं असेल तर प्लास्टिक. पण कचऱ्याची पिशवी नको, पहिल्याच वाऱ्यात फाटते. २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद किलोवर मिळतो, दुकानात त्याला ८०० गेज म्हणतात. चारी बाजूंनी चार इंच जास्त कापा. कड एक इंच रुंद, अर्धा इंच जाड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि पट्टीसकट चौकटीला लावा, दर सहा इंचांवर एक खिळा किंवा स्क्रू. शेजारच्या तावदानाची काच शाबूत असेल तर खिळे ठोकू नका, धक्क्याने तीही जाते. स्क्रू पिळा.

कागद ढोलकीसारखा ताणलेला हवा. फडफडला की स्क्रूच्या भोकापासून फाटत जातो. हात बाहेर पोचत असेल तर बाहेरून लावा, वारा त्याला चौकटीवर दाबून धरतो. वरच्या मजल्यावर बाहेर वाकू नका, आतूनच लावा आणि स्क्रू चार इंचांवर घ्या. वरची कड छज्जाच्या आडोशाला येऊ द्या, खालचे दोन कोपरे बोटभर मोकळे सोडा, नाहीतर पोटात पाणी साचून कागद फुगतो.

जुना फ्लेक्स याहून चिवट, पण खोलीत अंधार. न्हाणीघराला उत्तम.

ॲल्युमिनियम सेक्शनचं काम, ठाणे

सरकत्या खिडकीत झडप उतरवता येते हे पुष्कळांना माहीतच नसतं. वर उचला, वरच्या ट्रॅकमध्ये जागा असते, मग खालचा भाग आत ओढा. त्याआधी काचेला दोन्ही बाजूंनी टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. वजनाचा अंदाज असू द्या: ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे दोन बाय चार फुटांची झडप नुसत्या काचेचेच सव्वानऊ किलो. दोन माणसं लागतात, आणि बाहेर ग्रिल नसेल तर हे काम घरी करायचंच नाही.

झडप उतरली की खालच्या कोपऱ्यांचे स्क्रू काढा. गंजले असतील तर तेलाचे दोन थेंब टाकून तासभर थांबा, डोकं झिजलं की संपलं. खालची पट्टी निघाली की काच रबरासकट बाहेर येते. तात्पुरतं त्याच रबरात ५ मिमी ॲक्रिलिक बसवता येतं. ४ मिमी घेतलंत तर वाऱ्यात रात्रभर खडखडेल. ॲक्रिलिक उन्हात काचेच्या सातआठ पट प्रसरण पावतं, तेव्हा उंची-रुंदीत आणखी एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापून घ्या, नाहीतर दुपारी पोट काढतं. स्पिरिटने पुसू नका, बारीक जाळी पडते. साबणाचं पाणी पुरतं.

आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान भोकं असतात, ती टेपने बुजवू नका. ती पाणी जायला असतात. बुजवलीत की पाणी घरात.

वाडा, जुन्या खिडक्या, वाई

लाकडी खिडकीत काच शाबूत पण सैल झाली, खडखडते, असं असेल तर पुढेमागे तिला तडा जाणारच आहे. काच धरणारी बाहेरची बिडिंग पट्टी किंवा वाळलेली लांबी (काच बसवायची पुट्टी) आधी पटाशीने काढा, पटाशी लाकडाकडे कलती धरून. लांबी घरीही होते: एक किलो खडूच्या भुकटीला दीडशे ते दोनशे ग्रॅम जवसाचं तेल, कणकेसारखी मळायची, हाताला चिकटेनाशी झाली की झाली. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल तेल लवकर वाळतं. खाचेतल्या उघड्या लाकडाला आधी तेलाचा हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि महिन्याभरात तिचा भुगा होतो. काच धरायला दर बाजूला दोन चुका (बारीक खिळे), पण काचेला न टेकवता. लांबीवर रंग दोन-तीन आठवड्यांनी.

अलिबागकडचा एक प्रश्न

वादळाआधी काचेवर टेपची फुली मारतात, त्याने काच वाचते का? निसर्ग आलं होतं, ३ जून २०२०, तेव्हापासून दर वादळाला हीच चर्चा.

काचकाम, सांगली

नाही हो. टेपने काचेची ताकद वाढत नाही. तुटली तर तुकडे मोठे आणि एकत्र पडतात, जे कधीकधी जास्त घातक. बाहेरून १२ मिमी प्लाय लावा, तेही जमत नसेल तर पडदे ओढून त्या खोलीतून उठा.

भेगेच्या टोकाला भोक पाडायचं का, हेही लोक विचारतात. पत्र्याला आणि ॲक्रिलिकला ती युक्ती चालते. घरच्या ड्रिलने काचेवर केलीत तर एका भेगेच्या तीन होतात.

टोरंटो

इथल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांचं वेगळं. दोन काचांमध्ये कोरडी हवा किंवा वायू भरून कडेने सीलबंद असतो. एका काचेला तडा गेला की दमट हवा आत शिरते, कडेच्या पट्टीतला ओल शोषणारा मसाला भरून जातो आणि मधे धुकं साचतं. ते पुसता येत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. तोपर्यंत आतून आकसणारी फिल्म लावा: दुहेरी चिकट टेप लाकडी चौकटीवर, काचेवर नाही, फिल्म चिकटवायची आणि हेअर ड्रायर कोपऱ्यांकडून मधे फिरवत सुरकुत्या घालवायच्या. ड्रायर काचेपासून लांब धरा. थंडीत बाहेरून टेप लावण्यात अर्थ नाही, साधारण १० अंशांखाली बहुतेक टेप धरत नाहीत. भाड्याचं घर असेल तर फोटो काढून मालकाला आधी कळवा, मग हात लावा.

घरकाम सांभाळणारी, पुणे

फुटलेली काच काढण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. पायात बूट, हातात चामड्याचे मोजे. रबराचे मोजे काच कापते. वरचे तुकडे आधी, खालचे नंतर. खालून ओढलंत तर वरचा तुकडा सुरीसारखा खाली येतो. तुकडा अडकला असेल तर पकडीने पुढेमागे हलवून सैल करा, झटका देऊ नका.

केरसुणी शेवटी. बारीक कण तिच्यात अडकतात आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गळतात. आधी ओला वर्तमानपत्राचा बोळा, मग कणकेचा मऊ गोळा फरशीवर दाबत फिरवायचा. दिवे बंद करून बॅटरी फरशीला टेकवून धरली की राहिलेला कणही चमकतो. गोळा अर्थातच फेकायचा, गाईला नाही घालायचा. काचा रद्दीत गुंडाळून खोक्यात, वर ठळक "फुटलेली काच" लिहून, घंटागाडीवरच्या ताईंच्या हातात वेगळ्या द्या.

काचकाम, सांगली

पुण्याच्या ताईंनी बरं आठवलं. आता न्हाणीघराच्या लूव्हरचं, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीचं. त्यातली एकच पट्टी गेली असेल तर पट्टी धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कानाची वळलेली जीभ पकडीने हळू सरळ करा, पट्टी बाजूला सरकते. तिच्या मापाची ५ मिमी पीव्हीसी सनबोर्डची पट्टी कापून घाला. प्लाय वाफेने फुगतो. जीभ एकदाच सरळ आणि एकदाच परत वाकवायची, तिसऱ्यांदा तुटते. आणि दुकानात माप सांगताना फुटलेली पट्टी जोडून मोजत बसू नका, शेजारची शाबूत पट्टी मोजा.