हर्शेल अंतराळदुर्बीण चार वर्षांत बंद पडली, ती हेलियमच्या टाकीमुळे?

शीतकपाट: कालची एक पोस्ट डोक्यात गेली. 'हर्शेल २००९ला सोडली, २०१३ला हेलियम उडाला, साडेतीन मीटरचा आरसा भंगारात. क्रायोकूलर, म्हणजे गार करणारं यंत्र, लावायला काय झालं होतं?' अहो, आरसा नुसत्या सावलीतच गार होता. हेलियम लागत होता उपकरणांना. तिथले बोलोमीटर, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारे संवेदक, ०.३ केल्विनवर (उणे २७३ सेल्सियसच्या जवळ) चालायचे. टाकीतला हेलियम पोकळीत सावकाश उडतो, जाताना उष्णता नेतो. ना पंप, ना थरथर. १९८३ साली इरास दुर्बिणीने असंच दहा महिन्यांत जवळजवळ सगळं आकाश पालथं घातलं.

धूमकेतू७: दहा महिने! आणि त्याचं कौतुक? वेब दुर्बिणीवरचं मिरी हे उपकरण बघा. ७ केल्विनच्या खाली, हेलियम बंद नळीत फिरतोय, संपायचा प्रश्नच नाही.

शीतकपाट: वेब उडाली २०२१ला. आणि ७ म्हणजे ०.३ नव्हे. स्पिट्झर दुर्बीण विसरलात? अख्खी दुर्बीण थर्मासमध्ये न कोंबता बाहेर ठेवली, आधी अंतराळातच निवू दिली, म्हणून ३६० लिटर साडेपाच वर्षं पुरले. २००९ला टाकी कोरडी झाल्यावरही ३.६ आणि ४.५ मायक्रॉन तरंगलांबीचे कॅमेरे २०२०पर्यंत चालू. ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याच्या ग्रहांचा शोध त्याच काळातला.

स्कॅनताई: मी एमआरआयवर काम करते, त्याचं चुंबक हेलियमनेच गार ठेवतात. हेलियम भरायचा म्हटलं की वरचे लोक महिनाभर फाइल फिरवतात, पेशंटच्या शिव्या मी खाते. आणि हे दोन हजारांवर लिटर वर नेऊन सोडून देणार!

देवगडकर: एवढी चर्चा, पण हेलियम सापडला आमच्या विजयदुर्गावर, हे कोणी बोलणार नाही. लॉकियर साहेबाचे दुर्बीण ठेवायचे ओटे आजही आहेत.

शीतकपाट: नाही सापडला. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने सूर्यप्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय तिथूनच पाहिली. विजयदुर्गला तो आला १८९८च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने हेलियम पृथ्वीवर पकडूनही तीन वर्षं झाली होती.

देवगडकर: माझ्या आज्यान माका थय नेऊन ते ओटे दाखवलेले. तुमी पुण्यात बसान आमका शिकवू नकात!

शीतकपाट: मी नाशिकचा. ओटे खरेच आहेत, साल चुकतंय. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे भाषणं ठोकणाऱ्यांना विचारा, त्या दिवशी लॉकियर कुठे होता.

धूमकेतू७: किल्ला सोडा. बरं बाबा, २००९ला ०.३ केल्विनसाठी टाकीच बरी होती. खूश? पण आता कुणी नवी दुर्बीण नुसत्या टाकीवर पाठवली तर मी बोंबलणार.

स्कॅनताई: बोंबला. आमची फाइल तेवढी पुढे सरकवा.

देवगडकर: १८९८ तर १८९८. ग्रहण बघायला साहेब विलायतेहून आमच्याकडेच आला ना? नाशिकला का नाही गेला?