‘कालप्रवासी ऐतिहासिक प्रणयकादंबरी’ : नाव, अर्थच्छटा आणि वाचकाची ओढ

प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या वाचकगटात गेले काही महिने एकाच धाटणीच्या इंग्रजी कादंबऱ्या हातोहात फिरत आहेत. आजची एखादी स्त्री काही कारणाने दोन-अडीचशे वर्षे मागच्या काळात जाऊन पडते, तिथल्या एका पुरुषावर तिचा जीव जडतो, आणि परतीची वाट सापडल्यावर परतावे की राहावे असा पेच तिच्यापुढे उभा राहतो, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. गटाच्या वार्षिक टिपणात या प्रकाराला मराठी नाव द्यायचे आहे. ‘टाइम ट्रॅव्हल हिस्टॉरिकल रोमान्स’ हेच नागरीत लिहावे असे काहींचे मत आहे, तर काहींना ‘कालप्रवासी ऐतिहासिक प्रणयकादंबरी’ हे नाव योग्य वाटते. या नावातील शब्दांच्या अर्थच्छटांबद्दल, आणि हा प्रकार वाचकाला एवढा का धरून ठेवतो याबद्दल जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद

‘ऐतिहासिक’ या शब्दाबद्दल वाद असण्याचे कारण नाही. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हापासून तो मराठी कादंबरीच्या अंगवळणी पडलेला आहे. बाकीचे शब्द मात्र थांबून पाहण्यासारखे आहेत, आणि माझ्या मते वाचकाच्या ओढीचे कारणही त्यांच्यातच दडलेले आहे.

आधी ‘काल’ आणि ‘काळ’. सुटा ‘काल’ मराठीत आजचा आदला दिवस दाखवतो, त्यामुळे ‘कालप्रवास’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला क्षणभर कालचा प्रवास वाटू शकतो. तरीही कालगणना, कालखंड, कालमापन या सामासिक शब्दांत आपला असा घोटाळा कधी होत नाही, म्हणून ही अडचण सवयीने सुटेल. ‘काळप्रवास’ हा पर्याय कानाला अधिक मराठी वाटतो, पण त्यात दुसरी छाया येते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो तेव्हा काळ म्हणजे मृत्यू असतो. नावासाठी मी ‘कालप्रवास’च सुचवीन, मात्र ‘काळ’ शब्दातील ही मृत्यूची छाया या कादंबऱ्यांच्या गाभ्याशी आहे, हे विसरू नये. नायिका ज्याच्या प्रेमात पडते तो तिच्या स्वतःच्या दिनदर्शिकेप्रमाणे केव्हाच मरून गेलेला असतो.

आता ‘प्रवास’. आज आपण वर्ध्याला जाऊन आलो तरी प्रवास केला असे म्हणतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा मूळ भर जाण्यावर नसून घरापासून दूर राहण्यावर आहे. प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा पती परगावी आहे अशी नायिका, हा शब्द त्याच धातूचा. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातील प्रेमाचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातील प्रवासविप्रलंभाचे उदाहरण नागपूरच्या वाचकाला शोधावे लागत नाही. शापामुळे वर्षभर रामगिरीवर अडकलेला यक्ष अलकानगरीतील पत्नीला मेघाकरवी निरोप पाठवतो, आणि तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे अंतर कितीही मोठे असले तरी ते भूमीवरचे आहे. मेघ ते ओलांडू शकतो, आणि शापाची मुदत संपली की यक्षही परतू शकतो. दोनशे वर्षांचे अंतर असेल तर निरोप घेऊन जाणारा मेघ कुठून आणायचा? त्यामुळे नुसत्या ‘प्रवास’ या शब्दाने या विरहाचे वर्णन पुरे होत नाही.

ते पुरे करणारा शब्द त्याच यादीत चौथ्या क्रमांकावर आहे, आणि या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. करुणविप्रलंभ म्हणजे दोघांपैकी एक जण परलोकी गेला आहे, पण तो पुन्हा भेटण्याची आशा शिल्लक आहे, अशा अवस्थेतील दुसऱ्याची तळमळ. ती आशा संपली की तिथे शृंगार उरत नाही, केवळ करुण रस उरतो. विश्वनाथाने यासाठी दिलेले उदाहरण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील पुंडरीक आणि महाश्वेता यांचे आहे. पुंडरीक मरण पावतो, महाश्वेता सती जायला निघते, तेवढ्यात एक दिव्य पुरुष पुंडरीकाचे शरीर उचलून नेतो आणि तुमची पुन्हा भेट होईल असे तिला सांगतो. त्या एका वाक्यावर ती अच्छोद सरोवराकाठी तपस्विनी होऊन राहते. त्याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने आणि कन्नडने या संपूर्ण साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ म्हटले. मेलेला प्रियकर परत मिळण्याची आस ही आपल्या ‘कादंबरी’ शब्दाच्या उगमाशीच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या इंग्रजी कादंबऱ्या आपल्या वाचकाला परक्या का वाटत नाहीत, याचा उलगडा होतो.

करुणविप्रलंभाची ही अवस्था कालप्रवासाच्या कथेत दुहेरी होते. नायिका मागच्या काळात असते तेव्हा तिचे आजचे आप्त अजून जन्मलेलेच नसतात, आणि ती परत आली की तिचा प्रियकर इतिहासजमा झालेला असतो. कुठेही गेली तरी कोणीतरी तिला अप्राप्य असतेच, आणि तरीही वाट उघडी असल्यामुळे कोणीच पूर्णपणे गेलेले नसते. ज्याने आपले माणूस गमावले आहे अशा वाचकाला ही रचना किती खोलवर भिडत असेल, हे वेगळे सांगायला नको. या कादंबऱ्यांना केवळ वेळ घालवण्याचे वाचन समजणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

‘प्रणय’ या शब्दाबद्दल थोडक्यात. संस्कृतात प्रणय म्हणजे स्नेह, विश्वास, सलगी, आणि सलगीतून केलेली मागणीही. आजच्या मराठीत, विशेषतः चित्रपटांविषयीच्या लेखनामुळे, तो शारीरिक जवळिकीकडे झुकला आहे. ‘रोमान्स’ची गत उलट्या बाजूने तशीच झाली. लोकभाषेत सांगितलेली अद्भुत कथा हा त्याचा जुना अर्थ, आणि प्रेमकथा हा नंतरचा. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या आपल्या आरंभीच्या कादंबऱ्यांना समीक्षकांनी ‘अद्भुतरम्य’ म्हटले, त्यात तो जुना अर्थ आलेला आहे. कालप्रवासाच्या कथेत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून ‘अद्भुतरम्य’ हा शब्द वर्णनात अवश्य वापरावा. नावात मात्र ‘प्रणय’ राहू द्यावा, कारण त्याची विश्वासाची जुनी छटा या कथांना फार शोभते. परक्या काळात आलेली स्त्री पहिल्यांदा कोणावर विश्वास ठेवते, हाच तिथे प्रेमाचा आरंभ असतो.

आता वाचकाच्या ओढीचे दुसरे कारण. ऐतिहासिक कादंबरी वाचताना शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. पानिपताची कथा कोणीही लिहो, १४ जानेवारी १७६१ उजाडणार आहे हे पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि पात्रांना सावध करण्याचा कोणताही मार्ग आपल्या हातात नसतो. कालप्रवासाच्या कादंबरीत हे आपले ज्ञान नायिकेच्या पदरी असते. डायना गॅबल्डन यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटलँडर’मध्ये दुसऱ्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली नायिका १७४३ सालच्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पोहोचते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडमधील लोकांचा दारुण पराभव होणार आहे, हे तिला माहीत असते. ती ज्यांच्याबरोबर जेवते, हसते, भांडते, त्यांना ते माहीत नसते. वाचक एरवी कथेच्या बाहेर उभा राहून तळमळतो, इथे तो तिच्या रूपाने आत येऊन तळमळतो.

हे आपल्या गावावर बेतून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होईल. समजा, आजच्या सीताबर्डीच्या गर्दीतून एखादी तरुण डॉक्टर नोव्हेंबर १८१७ मधल्या नागपुरात पोहोचली. बडी टेकडी आणि छोटी टेकडी तिला ओळखीच्या असतील, पण वरचा किल्ला अजून बांधलेला नसेल. २६ आणि २७ नोव्हेंबरला तिथे इंग्रजांशी लढाई होणार आहे, भोसल्यांचा पराभव होणार आहे, राजे आप्पासाहेबांना पुढे राज्य गमवावे लागणार आहे आणि १८४० मध्ये त्यांचा शेवट दूर जोधपुरात होणार आहे, हे सारे तिला ठाऊक असेल. महाल भागातल्या ज्या शिलेदाराशी तिची ओळख झाली आहे, तो मात्र घोड्याला खरारा करत उद्याच्या विजयाबद्दल बोलत असेल. तिने सांगावे का? सांगितले तर तो विश्वास ठेवील का? ठेवला, तर ती ज्या नागपुरात जन्मली ते नागपूर राहील का? या तीन प्रश्नांच्या बळावर पाचशे पाने सहज वाचली जातात.

त्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. १८१७ मध्येच बंगालातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उठली आणि पुढच्या वर्षभरात देशाच्या मोठ्या भागात पसरली. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घालून रोग्याला पाजत राहावे, हे आज घराघरांत माहीत असलेले ज्ञान त्या साथीत शेकडो जीव वाचवू शकले असते. आपल्याला रोजच्या आयुष्यात जे क्षुल्लक वाटते, ते दुसऱ्या काळात अनमोल ठरते. घर आणि नोकरी सांभाळताना आपल्या शहाणपणाची कोणी दखल घेत नाही, असे ज्या वाचक स्त्रियांना वाटत आले आहे, त्यांना या नायिकेत काय दिसत असेल हे मी समजू शकते.

भाषेचा प्रश्न आमच्यासारख्या शब्दवेड्यांना विशेष रुचणारा आहे. त्या डॉक्टरला १८१७ मधली मोडी लिपी वाचता येणार नाही, म्हणजे एवढी शिकलेली असूनही ती तिथे निरक्षर ठरेल. बोलण्यातील शब्द ओळखीचे असतील, पण त्यांचे अर्थ सरकलेले असतील. ‘लोभ’ हाच शब्द घ्यावा. जुन्या पत्रांचा शेवट ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’ असा होत असे, आणि तिथे लोभ म्हणजे जिव्हाळा, स्नेह. आज सुटा ‘लोभ’ म्हणजे हाव. निमंत्रणपत्रिकांत ‘लोभ आहेच, तो वाढावा’ असे लिहितो तेवढ्यापुरताच जुना अर्थ शिल्लक आहे. शिलेदाराने लिहून घेतलेल्या चिठ्ठीतला ‘लोभ असावा’ हा शेवट तिला कोणीतरी वाचून दाखवला, तर प्रथम तिला तो कोरडा उपचार वाटेल, आणि त्या माणसाकडे प्रेम व्यक्त करण्यासाठी एवढाच शब्द होता, हे नंतर उमगेल. मराठीत अशी कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने नायकाच्या तोंडी ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे आजचे वाक्य घातले, तर तो कालविपर्यास होईल, आणि या प्रकाराचा खरा गोडवाच हरवेल.

दुसरा प्रतिसाद (महालातून, एका निवृत्त शिक्षिकेकडून)

विवेचन आवडले, परंतु दोन शंका आहेत. करुणविप्रलंभाच्या कक्षेत पुनर्जन्माच्या प्रेमकथाही येतील. मग या प्रकाराचे वेगळेपण ते काय राहिले? आणि भागवतातील रेवतीची कथा आपण कुठे बसवाल? पिता ककुद्मी तिला घेऊन, तिच्यासाठी योग्य वर कोण हे विचारण्यासाठी ब्रह्मलोकी जातो, तिथले गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. अखेरीस ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून रेवती बलरामाला दिली जाते. आपल्या परंपरेत कालप्रवास आणि विवाह यांची सांगड घालणारी इतकी स्पष्ट कथा दुसरी नसेल.

मूळ प्रतिसादकाचे उत्तर

बाईंच्या पहिल्या शंकेचे उत्तर विश्वनाथानेच देऊन ठेवले आहे. गेलेले माणूस दुसऱ्या देहाने मिळणार असेल, तर तो विप्रलंभ नव्हे, करुण रसच होय, असे तो स्पष्ट म्हणतो. पुनर्जन्मात आत्मा तोच असला तरी चेहरा, आवाज, आठवणी नव्या असतात, आणि म्हणून ओळख पटवावी लागते. कालप्रवासाच्या कथेत माणूस त्याच देहाने, त्याच जखमांच्या खुणांसह आणि त्याच आठवणींसह समोर येतो. वाचकाला हवे असते ते हेच, आपण गमावलेले माणूस जसेच्या तसे.

रेवतीच्या कथेत कालप्रवास निश्चित आहे, आणि ज्यांची नावे मनात धरून ककुद्मी गेला होता त्यांच्या वंशांचाही मागमूस उरलेला नाही, हे कळते तो क्षण मला फार हेलावून टाकतो. पण ती ज्या काळातून आली तिथे परतण्याची वाट नाही, आणि राहायचे की जायचे हे ठरवण्याचा अधिकारही तिला नाही. निवड नसल्यामुळे तिथे प्रणयकथेचा पेच उभा राहत नाही. एखाद्या लेखिकेने रेवतीच्या बाजूने ती कथा पुन्हा सांगितली, तर मात्र गोष्ट वेगळी होईल, आणि ती वाचायला मला अतिशय आवडेल.

टिपणापुरती व्याकरणाची एक सूचना करते. ‘कालप्रवासी ऐतिहासिक प्रणयकादंबरी’ यात ‘कालप्रवासी’ हे विशेषण कादंबरीला लागते आणि कादंबरीच प्रवासाला निघाल्यासारखी वाटते. ‘कालप्रवासी’ हा शब्द पात्रासाठी राखून ठेवावा आणि प्रकाराला ‘कालप्रवासाची ऐतिहासिक प्रणयकादंबरी’ म्हणावे. तसेच कथानक सांगताना ‘ती काळाच्या मागे गेली’ असे लिहू नये, कारण मराठीत काळाच्या मागे असणे म्हणजे जुनाट विचारांचे असणे. ‘ती मागच्या काळात गेली’ असे लिहावे.