मदत हवी आहे: फोर्मेंतोरच्या दीपगृहापर्यंत आई-बाबांना कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. जूनमध्ये आई-बाबा रत्नागिरीहून येतायत आणि आठवडाभर मायोर्का या स्पेनच्या बेटावर जायचं ठरलंय. मुक्काम पोर्त दे पोयेन्सा या बंदराच्या गावात. बाकी सगळं जमलंय, घोडं अडलंय ते काप दे फोर्मेंतोर या भूशिरापाशी.

बाबांचं लहानपण रत्नागिरीच्या दीपगृहाजवळ गेलं. रात्री उजेडाच्या फेऱ्या मोजत झोप लागायची, असं ते अजून सांगतात. फोर्मेंतोरचा फोटो पाहिल्यापासून त्यांचं एकच चाललंय: समुद्रापासून 210 मीटर उंचीवर, 1863 साली, रस्ता नसताना त्या लोकांनी हे बांधलं कसं? (रस्ता आला 1920 च्या दशकात. आंतोनिओ पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरने आखला.) बेटाचं ते उत्तर टोक त्यांना काहीही करून दाखवायचंय.

अडचण आईची. तिला गाडी लागते, आंबा घाटात दोनदा थांबावंच लागतं. इथे तर सुमारे 20 किलोमीटर नुसती वळणं, एका बाजूला कडा. शिवाय उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्या सोडत नाहीत, बसने जावं लागतं, आणि बस काही आपल्यासाठी मध्येच थांबणार नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे चालत जाण्याचा प्रश्नच नाही.

कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं आहे का? पहाटे बंदीच्या आधी गाडीने जावं, की बसच बरी?

प्रतिसाद १

सासूबाईंना घेऊन गेलो होतो. पहाटेच जा. बंदीच्या वेळा दरवर्षी बदलतात, निघायच्या आधी नक्की बघून घ्या. जूनमध्ये सूर्योदय साधारण सव्वासहाला होतो, त्याआधी पोचलात तर रस्ता मोकळा मिळेल. आईंना पुढे बसवा, गाडी सावकाश हाका, थांबायचं तर बाजूला जागा बघूनच. सायकलवाले पहाटेच निघतात आणि शेळ्या वळणावर अचानक समोर येतात. एस कोलोमेरचा सज्जा (वाटेतली, देखावा बघायची जागा) परतताना बघा, तिथे आईंना वाऱ्यावर बरं वाटेल. जूनमध्येही टोकावर वारा बोचतो, शाल लागेलच.

प्रतिसाद २

आईंना पहाटेचं नको वाटलं तर वाट विभागा. फोर्मेंतोरच्या पुळणीपर्यंत बंदरातून मोसमात बोट जाते, पाईनची झाडं अगदी पाण्यापर्यंत आहेत. आई तिथे सावलीत बसतील, कोणीतरी सोबत थांबा. बाबांना घेऊन दुसऱ्याने पुढे दीपगृहाची बस धरायची. फक्त बोट लागत नाही ना, ते आधी विचारा.

मूळ लेखिका

खूप आभार! बोट आईला चालते, जयगडच्या खाडीत ती कायम तरीने जायची. तरी पहाटेचंच ठरवतोय, कारण बाबांनी आता विचारलंय की उजाडण्याआधी पोचलो तर दिवा चालू दिसेल का.

प्रतिसाद १

हो, अंधार असेपर्यंत चालू असतो. 20 सेकंदांत चार वेळा लकाकतो. बाबांना मोजू द्या.