आजारी म्हाताऱ्याच्या हातून गुन्हा झाला तर जेल की दवाखाना?

तापीकाठचा: आमच्या चोपड्याकडे ७३ वर्षांच्या एका आबांनी बांधावरच्या शेजाऱ्यावर विळा चालवला, जीव वाचला पण उजव्या हाताची बोटं गेली. आबांना स्किझोफ्रेनिया, गोळ्यांवर बरे होते, पोरगा कामाला सुरतला गेला न् गोळ्या बंद पडल्या, मग दिवसभर एकच, 'हा माझ्या विहिरीत औषध टाकतो'. असल्या माणसाला जेलात टाकून काय मिळणार? भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुन्या दंड संहितेचं ८४, म्हणजे मनाच्या आजारात भान नसताना केलेलं कृत्य गुन्हा धरत नाहीत, ते यासाठीच आहे ना.

केळीवाला_रावेर: तो शेजारी माझा मावसभाऊ आहे भो. आबाने विळा विहिरीत फेकला न् कपाशीत लपून बसला. त्याले बठ्ठं समजस!

काळा_कोट_धुळे: नुसत्या डॉक्टरच्या फाईलवर कोणी सुटत नाही. मारताना आपण काय करतोय, किंवा हे चुकीचं नाहीतर बेकायदा आहे, हे आजारामुळे कळतच नव्हतं असं आरोपीने दाखवायचं. पण शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तशी शक्यता जास्त वाटली तरी पुरतं, सुप्रीम कोर्टाच्या १९६४ च्या दाह्याभाई ठक्कर निकालापासून हेच. कोर्ट आधीचं, त्या वेळचं न् नंतरचं वागणं बघतं, सो तो विहिरीतला विळा आबांना जड जाणार. नुसत्या वयावर माफी नाही.

केळीवाला_रावेर: आणि सुटला तर गावात मोकाट?

काळा_कोट_धुळे: नाही हो. या कारणाने सुटला तरी कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवायला लावतं, नाहीतर नातेवाईक हमी देईल तर त्याच्याकडे सोपवतं.

सिस्टर_जळगाव: हमी देतं कोण? वॉर्डात बघते ना, असल्या म्हाताऱ्यांचे हात गोळ्यांनी थरथरतात, चहाची बशी धरवत नाही, शुगरचं वेगळंच, लघवीचं भान नसतं, बराकीत हे कोण करणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्यातल्या किमान एका जेलच्या दवाखान्यात मानसोपचाराची सोय पाहिजे असं लिहिलंय, एका! सरकारी मनोरुग्णालयं म्हणाल तर ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या खान्देशाला काय, रेल्वेचं तिकीट.

तापीकाठचा: आबांच्या पोराला विचारलं मी, हमीवर सही करणार नाही म्हणतो, घरात लहान पोरं आहेत.

केळीवाला_रावेर: बरोबरच आहे त्याचं. पण माझ्या भावाचं काय, केळीचा घड उतरवता येत नाही त्याला आता.

काळा_कोट_धुळे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या सरकारी ऑफिसात, भरपाईचा अर्ज टाका, आरोपी सुटला तरी ती मागता येते.

केळीवाला_रावेर: टाकतो. पण आबा परत बांधावर दिसायला नको, सांगून ठेवतो.