केळकर संग्रहालयाला दोन तास तरी द्या

पुण्यातला शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वतीची टेकडी आणि आगाखान पॅलेस एका दिवसात उरकायचा तुमचा बेत वाचला. वीस जण, त्यात ज्येष्ठ मंडळी, म्हणजे दमछाक ठरलेली! मागे आमच्या सोसायटीची अशीच सहल नेली होती. शनिवारवाड्यात अर्धा तास पुरतो. १८२८च्या आगीनंतर आत जोतीच उरलीत.

केळकर संग्रहालयात मात्र घाई नको. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून जमवलेल्या वस्तू, आणि नाव दिलंय अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. आमच्या काकू अडकित्त्यांपाशी खिळल्या. एक घोड्याचा, एक मोराचा. 'सुपारी कातरायला एवढी हौस!' म्हणत हलेचनात. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही तिथंच आहे.

तिथून विश्रामबागवाडा पायी गाठता येतो, पण समोर तुळशीबागेचा बाजार आहे. तिथं निम्मा गट गळतो, स्वानुभव. कसबा गणपती सकाळीच करून घ्या. पर्वती गाळा, गुडघे दुवा देतील. आगाखान पॅलेस पार नगर रस्त्याला, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी निवांत ठेवा. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या तिथं आहेत.